मुदतीबाहेरची विहीण

बदलापूर, १२ मार्च १९८९

चि. मीनल,

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमनने ते वाचलं असणार, कारण देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. 'तुम्ही माझ्या सासूला परदेशी ठरवलंत, आता मलाही परकी समजा.' एवढंच. रागातसुद्धा ओळ वाकडी गेली नाही, ते तू माझ्याकडून घेतलंस.

तुम्ही दोघांनी डिसेंबरात ठाण्याला रजिस्टर लग्न केलंत आणि मला चार दिवसांनी इंदूरहून कळवलंत. फेब्रुवारीत जयदेवच्या आईला माझ्या सहीची नोटीस गेली. मधले दोन महिने जोडून तू ठरवलंस, की बापाने सूड घेतला. पोलिसाची मुलगी आहेस. तपास तरी पुरा करायचास.

काय झालं ते सांगतो. उल्हासनगरात माझं टेबल परदेशी लोकांच्या नोंदीचं आहे, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे एक निनावी अर्ज आला. कॅम्प नंबर चारमध्ये बरॅकीत राहणारी पोपटीबाई, कै. चंदूमल यांची विधवा, ही पाकिस्तानी पासपोर्टवर १९६४ साली तीन महिन्यांच्या व्हिसाने आली आणि परत गेलीच नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी तपास केला. ते खरं निघालं. खरं निघाल्यावर देश सोडण्याची नोटीस द्यावी लागते. ती मी दिली.

अर्ज आला त्याच दिवशी मी साहेबांना सांगितलं, की ही बाई माझ्या मुलीची सासू आहे. ते म्हणाले, मग प्रकरण दुसऱ्याकडे देऊ. मीच म्हटलं, देऊ नका, वाटल्यास माझा प्रत्येक कागद तुम्ही तपासा. दुसऱ्याच्या हातात गेलं असतं तर एक तर कागद गहाळ झाला असता, नाहीतर बाईला महिन्याच्या आत सीमेवर नेऊन सोडलं असतं. दोन्ही मला नको होतं.

अर्ज कोणी केला ते विचारू नकोस. निनावी म्हणजे निनावी.

नोटीस द्यायला मी शिपाई पाठवला नाही. स्वतः गेलो, पूर्ण युनिफॉर्ममध्ये. व्याही म्हणून त्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि पोलीस म्हणून जायचं तर उघड जावं. तिने सही उर्दूसारख्या दिसणाऱ्या अक्षरात केली. सिंधी अक्षर आहे म्हणाली.

आईने वेगळं पत्र टाकलं आहे. ते मी वाचलेलं नाही.

बाबा


बदलापूर, ८ जून १९८९

चि. मीनल,

मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. जयदेव एप्रिलमध्ये येऊन गेला तेव्हा ऑफिसात मला 'सर' म्हणाला. मीही त्याला 'मिस्टर' म्हटलं. ऐकून तुझी आई चिडली. उमाचा राग तुला ठाऊक आहे.

तुझ्या सासूबद्दल लिहितो. त्याने तुला सगळं सांगितलं असेलच असं नाही, कारण तो तेव्हा बाहेर बाकावर होता.

त्याच एप्रिलमध्ये त्यांच्या भागातले एक पुढारी माझ्याकडे आले. चहा मागवला, घरचं विचारलं, मग म्हणाले, हेमचंद्रराव, एक फाईल हरवली तर कोणाचं काय बिघडतं? बाईने अर्ध्या कॅम्पची बाळंतपणं केलीत. मी म्हटलं, हरवलेली फाईल दहा वर्षांनी सापडते, आणि तेव्हा टेबलावर कोण असेल ते ना तुम्हाला ठाऊक, ना मला. त्यांना ते आवडलं नाही. कॅम्पात बोलणं सुरू झालं, की मुलीचा राग बाप विधवेवर काढतोय. मी कोणाला खुलासा केला नाही. तसा स्वभावच नाही.

दुसऱ्या दिवशी पोपटीबाई स्वतः आल्या. पुढाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, की घरी बसा, आम्ही बघतो. त्या बसल्या नाहीत. पदराखालून एक हिरवा पासपोर्ट काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. चंदूमल जिवंत असताना तो पेटीच्या तळाशी ठेवायचे आणि 'कागदाचं मी बघतो' म्हणायचे. त्र्याऐंशी साली ते गेले. बघायचं राहूनच गेलं.

त्यांचं मराठी तू ऐकलं आहेस. म्हणाल्या, "साहेब, पंचवीस वर्षं दारावर टकटक झाली की आधी माझा जीव जातो, मग मी दार उघडते. आता लपून बस झालं. कायदा काय बोलतो ते सरळ बोला."

मी सरळ सांगितलं. कायदा दोन गोष्टी म्हणतो, बाई. मुदतीबाहेर राहिलात हा गुन्हा आहे, आणि त्याबद्दल मी तुमच्यावर खटला भरणार. दुसरी गोष्ट, भारतीय नागरिकाची विधवा म्हणून तुम्हाला इथलं नागरिकत्व मागता येतं. पण मध्ये खंड न पडता तुम्ही इथेच राहिलात, हे कागदाने दाखवावं लागेल. रेशनकार्डावर नाव आहे?

नव्हतं. भीतीने घातलंच नव्हतं. मतदार यादीत नाही, बँकेत नाही, घर नवऱ्याच्या नावावर. पंचवीस वर्षांत त्या बाईने एका कागदावर स्वतःचं नाव येऊ दिलं नव्हतं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं तुम्ही कुठे होतात हे मी कशावरून लिहू?

त्या हसल्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हणाल्या, "ज्याच्या घरी बाळ झालं, त्याच्या घरी होते."

नागरिकत्वाचा त्यांचा अर्ज सरकारकडे गेलेला आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत त्यांना कोणी पाठवणार नाही, तशी तात्पुरती परवानगी मी लेखी मिळवली आहे. नक्कल सोबत जोडतो. जपून ठेव.

बाबा


बदलापूर, २६ नोव्हेंबर १९८९

चि. मीनल,

पोपटीबाईंचं ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. जन्माच्या नोंदवहीत एक रकाना असतो, प्रसूती कोणी केली याचा. डॉक्टर, नर्स, की दाई, आणि तिचं नाव. बापाने जाऊन जन्म नोंदवला, की कारकून विचारतो, बापाने सांगितलेलं नाव लिहितो. दाईला कोणी विचारत नाही, तू कुठल्या देशाची.

ऑगस्टपासून मी सुट्टीचे दिवस नगरपालिकेच्या रेकॉर्डरूममध्ये काढले. परवानगी घेऊन, साध्या कपड्यात. तिथला कारकून श्यामकांत नावाचा चांगला माणूस आहे. वाळवी लागलेल्या वह्या तो झटकून द्यायचा आणि मी पान उलटायचो. सदुसष्टच्या जूनमध्ये पहिल्यांदा सापडलं, 'दाई पोपटीबाई, कॅ. ४'. मीनल, मी खुर्चीतून उठलो. चोर सापडल्यावर मला कधी इतका आनंद झाला नव्हता. त्यानंतर शहाऐंशीपर्यंत असं एकही वर्ष नाही, की त्यात तिचं नाव नाही. सिंधी, मराठी, पंजाबी, मुसलमान. सहाशे अकरा नोंदी मी उतरवून घेतल्या आणि प्रत्येकीवर नगरपालिकेचा शिक्का घेतला. शहाऐंशीनंतरच्या वर्षांसाठी शेजाऱ्यांचे जबाब घेतले.

तुझं नाव त्यात नाही. मी पाहिलं. तू कल्याणच्या दवाखान्यात झालीस. उमा म्हणाली, असतं तर किती छान झालं असतं. मी म्हटलं, नाही तेच बरं. असतं तर वकील म्हणाला असता, फौजदाराने स्वतःच्या घरचा उपकार फेडला.

काही बाळंतपणं वहीत नाहीत, कारण ती पाड्यांवर झाली आणि तिथून नोंद करायला कोणी आलंच नाही. बारवी धरणाच्या अंगाला एका पाड्यावर आवडी नावाची बाई आहे, ठाकराची. पोपटीबाईंनी तिचं नाव सांगितलं आणि मी जबाब घ्यायला गेलो. खाचरातलं भात कापून झालं होतं, ती झोडणीला बसली होती. पोलीस बघून माणसं आत गेली. ती गेली नाही. मी विचारलं, पोपटीबाई परदेशी आहे हे तुला माहीत आहे का. ती म्हणाली, "परदेशी कशी? अडलेली व्हती मी, दोन दिस. व्हाळाला पानी, कोन येल? सरकारचा डाक्टर आला नाय. ती बाय आली, लुगडं डोक्यावर बांधून, पान्यातनं. आता ती परदेशी नि डाक्टर इथला, असं लिवता का तुमी?"

मी तसंच लिहिलं, तिच्या शब्दांत, आणि खाली तिचा अंगठा घेतला. साहेब म्हणाले, डॉक्टरचं वाक्य काढा, उगाच वर प्रश्न विचारतील. मी म्हटलं, जबाब तिचा आहे, माझा नाही. ते वाक्य राहिलं.

घरी येऊन उमाला वाचून दाखवलं. छाती भरून आली होती. कोणाबद्दल, ते तेव्हा मला नीटसं कळलं नाही.

बाबा


बदलापूर, १८ फेब्रुवारी १९९०

चि. मीनल,

परवा खटला झाला. जयदेवला रजा मिळाली नाही आणि तुझा आठवा महिना, तेव्हा तुम्ही कोणीच नव्हतात. म्हणून सविस्तर लिहितो.

कोर्टात कॅम्पमधल्या बायकांची गर्दी होती. पोपटीबाई पांढरी साडी नेसून आल्या. मॅजिस्ट्रेटनी आरोप वाचून विचारलं, गुन्हा कबूल आहे का. त्यांच्या वकिलाने 'नाही' म्हणायला शिकवलं होतं, असं मागून कळलं. त्या म्हणाल्या, "कबूल. तीन महिने बोलून आले, पंचवीस वर्षं राहिले. खोटं कशाला बोलू?"

शिक्षा ठरवण्यापूर्वी पुरावा ऐकायचा म्हणून मी साक्षीला उभा राहिलो. व्हिसाची मुदत, पासपोर्ट, नोटीस, सगळं सांगितलं. एक शब्द कमी केला नाही. त्यानंतर नोंदींची बाडं पुढे केली. सरकारी वकील तरुण आहेत, हुशार आहेत. त्यांनी विचारलं, की फिर्यादी पक्षाच्या अधिकाऱ्याने आरोपीच्या बाजूचा पुरावा गोळा करण्याचं कारण काय? मी म्हटलं, पुरावा कोणाच्या बाजूचा नसतो. तपास अर्धा करायची मला सवय नाही.

तेव्हा मॅजिस्ट्रेटनी मान वर केली आणि विचारलं, "तुमचं आणि आरोपीचं काही नातं आहे?"

साहेबांना मी लेखी दिलं होतं, पण उघड्यावर, चारचौघांत, हे मला कोणी विचारलं नव्हतं. अण्णा मागच्या बाकावर बसले होते. माझा मोठा भाऊ, ज्याने मला शिकवलं, ज्याने तुझ्या लग्नानंतर माझ्या घरचं पाणी सोडलं, तो ऐकत होता.

मी म्हटलं, "आहे, साहेब. ही माझी विहीण."

मॅजिस्ट्रेटनी ते टाइप करायला सांगितलं. मीनल, तो शब्द मी त्याआधी घरातसुद्धा उच्चारला नव्हता. इतक्या वर्षांत कितीतरी साक्षी दिल्या, पण या साक्षीइतका मी कधी ताठ उभा राहिलो नसेन.

शिक्षा झाली. किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. कायदा मोडला म्हणून शिक्षा, आणि शिक्षा पुरी झाल्यावर घर. निकालात त्यांनी असंही नोंदवलं, की आरोपीच्या वास्तव्याचा पुरावा नागरिकत्वाच्या अर्जासोबत विचारात घ्यावा. पोपटीबाई संध्याकाळी कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसून राहिल्या. माझी साक्ष अकरालाच संपली होती. मीही थांबलो. कैद्याजवळ पोलीस लागतोच.

जाताना त्या म्हणाल्या, "आता दार वाजलं तर मी आधी दार उघडीन."

बाबा


बदलापूर, ४ ऑगस्ट १९९१

चि. मीनल,

तुझं पत्र. जवळजवळ अडीच वर्षांनी. आधी शेवट वाचला, मग सुरुवात. नातीचा फोटो उमाने देवघराशेजारी लावला आहे. नाक सिंध्यांचं आहे, कपाळ आपलं.

तू लिहितेस, तुमच्याबद्दल जे वाटलं ते चुकलं, पण एक सांगा, अर्ज कोणी केला? ते न सांगता पत्र पुरं करता आलं असतं. मी तसं एकदा केलंही, तुला पहिल्या पत्रात.

अर्ज अण्णांनी केला होता. मी पाकीट फोडलं त्याच क्षणी ओळखलं. त्यांनी अक्षर बदललं होतं, पण 'झ' बदलता आला नाही. तो 'झ' मी त्यांच्याकडूनच शिकलो, मांजर्लीच्या घरी, पाटीवर. ते कारखान्यात शिफ्ट करून यायचे आणि मला बसवायचे. वडील नव्हते आम्हाला. त्या माणसाचं नाव मी तुला कसं सांगणार होतो? त्यापेक्षा तू मला दोषी धर, असं ठरवलं. त्यात मला थोडा मोठेपणाही वाटला.

आणखी एक गोष्ट आहे. ती उमालाही माहीत नाही. अक्षर ओळखलं, आणि तरीही नोटीस टाइप करताना मला बरं वाटलं. माझी मुलगी मला न विचारता गेली, आणि आता त्या घरालाही कळेल. पाच-दहा मिनिटं असेल. नोटीस कायदेशीर होती, तारीख बरोबर होती, शब्द बरोबर होते, आणि माझ्या मनात ते होतं. तू कार्डावर लिहिलंस ते पूर्ण चूक नव्हतं. म्हणूनच ते मला इतकं लागलं.

नोटीस घेऊन तिच्या दारात गेलो आणि तिने ती शांतपणे घेतली, तेव्हा मला माझी लाज वाटली. पुढे जे केलं ते कर्तव्य म्हणून केलं असं मी सगळ्यांना सांगतो. त्यातलं थोडं त्या दहा मिनिटांसाठीही होतं.

अण्णा कोर्टात का आले होते ते मी विचारलं नाही. गेल्या महिन्यात आपणहून आले. बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "बाळ, पोरीला लिही. माझं नाव लिही. तू माझं पाप अडीच वर्षं वाहिलंस, मला ते बघवत नाही." कोर्टात मी 'विहीण' म्हटलं तेव्हा त्यांना आधी संताप आला, आणि घरी जाईपर्यंत अभिमान वाटायला लागला, असं ते म्हणाले. या वयात माणूस असं कबूल करतो, हे मी भावात पाहिलं. त्यांच्यावर राग धरायचा तर धर. पण ते लपून राहिले नाहीत, हे लक्षात ठेव.

बाबा


ठाणे, ११ मे १९९४

मीनल, हे कलेक्टर कचेरीच्या बाहेर बसून लिहितोय, पोस्ट समोरच आहे. आत्ता, बारा वाजून दहा मिनिटांनी, पोपटीबाईंनी शपथ घेतली. प्रमाणपत्र इंग्रजीत आणि मराठीत आहे, त्यांना दोन्ही वाचता येत नाहीत. म्हणाल्या, तुम्ही वाचा. माझी निवृत्ती पुढच्या महिन्यात. आजवर माझ्या टेबलावरून माणसांना जायला सांगणारे कितीतरी कागद गेले. कायमचं राहायला सांगणारा हा पहिलाच, आणि तो मी व्हरांड्यात उभं राहून मोठ्याने वाचला. शेवटची ओळ मी दोनदा वाचली. शिपाई म्हणाला, साहेब, पाणी देऊ का. घरी तारही करतो, पण हे तुला आधी.

बाबा


बदलापूर, १४ जानेवारी १९९६

चि. मीनल,

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. नातीला सांग, फक्त एक फोडलाय, तोही पोस्टातल्या बाईने चव बघायला मागितला म्हणून.

तुझ्या सासूबाई परवा सिंधमधल्या शिकारपूरहून, त्यांच्या जन्मगावाहून, परत आल्या. जयदेवला फोनवर त्या 'सगळं ठीक' एवढंच बोलल्या असतील. फोनचं मीटर पळतं म्हणून त्या बोलत नाहीत. मी कॅम्पात जाऊन तीन तास ऐकून आलो, ते लिहितो.

त्यांना तिकडे मोठी बहीण आहे, हे त्यांनी मला प्रमाणपत्र मिळाल्यावर सांगितलं. एकतीस वर्षं पाहिली नव्हती. मी म्हटलं, आधी का नाही बोललात? म्हणाल्या, "तेव्हा गेले असते तर परत कोणी येऊ दिलं असतं? परत येता येत नसेल तर माणूस कसा जाईल?" मग भारताचा पासपोर्ट, मग व्हिसा. फॉर्म मी भरले. निवृत्त माणसाला हेच काम उरलंय. तीस दिवसांचा व्हिसा मिळाला.

बहीण आता अंथरुणाला खिळली आहे. दोघी आठ दिवस नुसत्या एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या म्हणे. जुनं घर दुसऱ्या कोणाचं आहे, पण त्यांनी आत बोलावलं, सरबत दिलं, गच्चीवर नेलं. पोपटीबाईंना वाटलं होतं, खूप रडू येईल. आलं, पण बहिणीसाठी. घरासाठी आलं नाही.

तिथे पोचल्यावर परदेशी माणसाला पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागते. माझ्यासारखाच एक जण टेबलावर होता, वयाने बराच लहान. त्याने पासपोर्ट पाहिला, जन्मस्थान पाहिलं, शिकारपूर. मग तो सिंधीत म्हणाला, अम्मा, तुम्ही तर इथल्याच. तुम्हाला परदेशी म्हणून कशाला लिहू? बसा, चहा घ्या. नोंद केली नाही तरी चालेल, कोण विचारतो?

पोपटीबाई हे सांगताना खाटेवर ताठ बसल्या. म्हणाल्या, "मी त्याला बोलले, बेटा, लिही. नीट लिही. जन्म इथला, घर उल्हासनगर. तीस दिवसांची मुदत आहे, अठ्ठाविसाव्या दिवशी मी जाणार."

आणि अठ्ठाविसाव्या दिवशी निघाल्या.

बाबा